गुवाहाटी ते आगरतळा : एका अंतराची दोन मापे

पहिला दिवस : गुवाहाटी

आसाममधील सर्वांत मोठे शहर गुवाहाटी आणि त्रिपुराची राजधानी आगरतळा यांचे विमानतळ सरळ रेषेत एकमेकांपासून सुमारे २५० किलोमीटरांवर आहेत आणि वेळापत्रकात या विमानप्रवासासाठी साधारण तासाभराचा अवधी दाखवलेला असतो. हाच प्रवास रेल्वेने केला तर अंतर साडेपाचशे किलोमीटरांच्या पुढे जाते आणि गाडीप्रमाणे साधारण १३ ते १५ तास लागतात. शिलाँग, जोवाई, बदरपूर आणि करीमगंजवरून जाणारा रस्ताही पाचशे किलोमीटरांच्या वरच भरतो. दोन शहरांमधील अंतर किती, या साध्या प्रश्नाला दुपटीहून अधिक फरकाची उत्तरे मिळावीत, ही गोष्ट नकाशा पाहताना मला कायम खुणावत होती. म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस, पावसाळा सरून हवा स्वच्छ झाल्यावर, जाताना रेल्वेने टप्प्याटप्प्याने जायचे आणि येताना विमानाने परतायचे, असा बेत मी आखला.

गुवाहाटीला पोहोचल्यावर पहिला दिवस मी नकाशासमोर घालवला. शहराच्या दक्षिणेला लागूनच मेघालयाचे पठार सुरू होते. शिलाँग साधारण १५०० मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या दक्षिणेला सोहरा, म्हणजे आपल्याला चेरापुंजी या नावाने ठाऊक असलेले गाव, पठाराच्या अगदी कडेवर वसले आहे. तेथून जमीन एकदम तुटते आणि खाली समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम काही मीटर उंचीचे सिल्हेटचे मैदान पसरते. ते मैदान बांगलादेशात आहे. आगरतळा त्या मैदानाच्या दक्षिण टोकाशी, सीमेला अगदी खेटून वसलेले आहे. गुवाहाटीहून आगरतळ्याकडे ओढलेली सरळ रेषा म्हणूनच आधी मेघालय ओलांडते, नंतर जवळजवळ निम्मे अंतर बांगलादेशावरून जाते आणि अगदी शेवटी भारतात परतते. रेल्वेला या दोन्ही गोष्टींना, पठाराला आणि सीमेला, पूर्वेकडून वळसा घालावा लागतो. रस्ता पठार चढून जातो, पण सीमेचा वळसा त्यालाही चुकत नाही.

वळशाचे कारण डोंगर आहे असे प्रथमदर्शनी वाटते. पण डोंगराइतकाच मोठा वाटा १९४७ चा आहे. आसाम बंगाल रेल्वे ही कंपनी १८९२ मध्ये स्थापन झाली आणि आसामातील चहाचे मळे चितगाव बंदराशी जोडणे हा तिचा मुख्य हेतू होता. तिचा मार्ग चितगावहून आखौडा, कुलाउडा, बदरपूर असा येऊन पुढे डोंगर चढून लुमडिंगला पोहोचत असे. आखौडा स्थानक आगरतळ्यापासून काही किलोमीटरांवरच आहे. त्रिपुरा तेव्हा संस्थान होते, त्याच्या राजधानीत रेल्वे नव्हती, पण शेजारच्या आखौड्याला गाडी मिळत असल्यामुळे ती उणीव फारशी जाणवत नसे. फाळणीनंतर आखौडा पूर्व पाकिस्तानात गेले आणि हाताशी असलेले स्थानक परदेशात जाऊन बसले. कोलकाता आणि आगरतळा यांच्यातील सरळ अंतर सुमारे ३१५ किलोमीटर आहे. भारताच्या हद्दीत राहून रेल्वेने जायचे तर सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून आणि गुवाहाटीवरून तो प्रवास दीड हजार किलोमीटरांहून मोठा होतो. गुवाहाटी आणि आगरतळ्याचा वळसा त्यामानाने लहानच म्हणायचा.

संध्याकाळी पाचच्या आधीच सूर्य मावळला. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि गुवाहाटी त्याच्या नऊ अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने येथील सूर्य घड्याळाच्या छत्तीस मिनिटे पुढे चालतो. ईशान्येत प्रवासाच्या वेळा ठरवताना हे लक्षात ठेवलेले बरे, कारण डोंगर उजेडी पाहायचे असतील तर सकाळची लवकरची गाडी पकडावीच लागते.

दुसरा दिवस : गुवाहाटी ते न्यू हाफलाँग

या प्रवासासाठी मी वहीत दोन रकाने आखले होते. एकात रेल्वेने कापलेले अंतर लिहायचे आणि दुसऱ्यात, त्या स्थानकापासून आगरतळ्यापर्यंत सरळ रेषेत उरलेले अंतर. गुवाहाटी स्थानकापासून ते सुमारे २६५ किलोमीटर आहे. विमानतळ शहराच्या पश्चिमेला आणि थोडा दक्षिणेला असल्यामुळे तेथून ते थोडे कमी भरते.

सकाळची गाडी जागीरोड, चापरमुख, होजाई अशी मैदानातून पूर्वेकडे आणि मग आग्नेयेकडे धावत गेली. भाताची शेते कापणीच्या बेताला आली होती. रुळांचा हा भाग सरळ आणि सपाट आहे आणि तेथे सांगण्यासारखे फार काही घडत नाही. लुमडिंग जंक्शनला गाडी थांबली तेव्हा पहिल्या रकान्यात १८१ किलोमीटर लिहिले आणि दुसऱ्या रकान्यासाठी नकाशावर मोजमाप केले. उत्तर आले सुमारे २८५ किलोमीटर. ज्या गावी जायला निघालो होतो, त्या गावापासून मी सकाळपेक्षा वीस किलोमीटर लांब गेलो होतो! मोजणी पुन्हा करून पाहिली. आकडा तोच होता. वळसा या गोष्टीचा अर्थ कागदावर कळणे आणि तीन-साडेतीन तास गाडीत बसल्यानंतर कळणे यांत फार अंतर आहे.

लुमडिंगपासून गाडी दक्षिणेला वळते आणि डिमा हसाओ जिल्ह्याच्या डोंगरांत शिरते. हाच तो लुमडिंग-बदरपूर घाटमार्ग. मूळ मीटरगेज मार्ग १९०४ च्या सुमारास पूर्ण झाला. त्यावर ३७ बोगदे होते, चढ काही ठिकाणी ३७ मीटरांना एक मीटर इतका तीव्र होता आणि गाडीला मागून जादा इंजिन लावावे लागे. रुंद रुळांचे काम मंजूर झाल्यापासून पूर्ण होईपर्यंत जवळपास दोन दशके गेली. ठिसूळ, पावसात भिजताच सरकणारी जमीन हे त्याचे एक कारण होते आणि त्या काळातील सशस्त्र संघर्ष हे दुसरे. अखेर ऑक्टोबर २०१४ मध्ये मीटरगेज गाड्या थांबवण्यात आल्या, २०१५ च्या मार्चमध्ये नव्या रुळांवरून मालगाडी गेली आणि नोव्हेंबरमध्ये प्रवासी गाड्या सुरू झाल्या. नव्या मार्गावर २१ बोगदे आहेत, त्यांपैकी सर्वांत लांब बोगदा तीन किलोमीटरांहून मोठा आहे आणि चढ आता पूर्वीच्या निम्म्याहून सौम्य झाला आहे.

माइबांगच्या पुढे खिडकीतून नजर हटवावी असे वाटत नाही. माइबांग ही एके काळी डिमासा राजांची राजधानी होती. नदी कधी डाव्या हाताला असते, कधी उजव्या. पूल ओलांडला की बोगदा, बोगदा संपला की पुन्हा पूल. बांबूच्या वनांनी झाकलेल्या उतारांमध्ये जागोजागी जुन्या मीटरगेज मार्गाचे अवशेष दिसतात आणि त्यांची वळणे पाहिली की नवा मार्ग आखणाऱ्यांनी किती वळसे वाचवले असतील याची कल्पना येते. गाडीचा वेग मात्र येथे बेताचाच असतो. घाटात वेग वाढवण्याची परवानगी भूगर्भ देत नाही.

दुपारी न्यू हाफलाँगला उतरलो. रेल्वेने कापलेले अंतर सुमारे २७० किलोमीटर. गुवाहाटी आणि आगरतळ्यामधील संपूर्ण सरळ अंतराएवढा प्रवास येथेच करून झाला होता आणि दुसरा रकाना अजून २३० दाखवत होता. इतक्या तासांच्या प्रवासाने मी आगरतळ्याच्या केवळ पस्तीस किलोमीटर जवळ आलो होतो.

या स्थानकाची छायाचित्रे मे २०२२ मध्ये देशभर पाहिली गेली होती. अतिवृष्टीने डोंगर खचला, चिखलाच्या लोंढ्याने फलाट आणि रूळ गाडले आणि उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीचे डबे आडवे झाले. घाटमार्गावर अनेक ठिकाणी दरडी कोसळून वाहतूक सुमारे दोन महिने बंद राहिली आणि त्रिपुरा, मिझोराम, मणिपूरचा काही भाग आणि आसाममधील बराक खोरे यांचा देशाशी असलेला रेल्वेसंबंध तुटला. त्या काळात आगरतळा गुवाहाटीपासून किती लांब होते, असे विचारले तर रेल्वेच्या हिशेबात त्याचे उत्तरच नव्हते. विमानाचे अडीचशे किलोमीटर तेवढे जसेच्या तसे होते.

हाफलाँग गाव स्थानकाच्या वर टेकडीवर वसले आहे. मधोमध तळे, भोवती उतरत्या छपरांची घरे आणि दक्षिणेला बराइल पर्वताची निळसर रांग. ही रांग जलविभाजक आहे. तिच्या उत्तरेचे पाणी ब्रह्मपुत्रेकडे आणि दक्षिणेचे बराक नदीकडे जाते. उद्या ती ओलांडायची होती.

तिसरा दिवस : न्यू हाफलाँग ते करीमगंज

सकाळी गाडी सुटल्यावर थोड्याच वेळात जटिंगाच्या परिसरातील उंच पूल आले आणि मग लांब बोगदे. डोंगराच्या दक्षिण अंगाला पाऊस अधिक पडतो हे झाडीच्या दाटीवरून लगेच ओळखू येते. दामछडापर्यंत डोंगर सोबत करतात आणि त्यानंतर ते हळूहळू मागे सरतात. चहाचे मळे, केळीच्या बागा आणि पाण्याने भरलेली डबकी दिसू लागतात. डब्यातील भाषाही बदललेली असते. लुमडिंगला असमिया आणि हिंदी कानावर पडत होती, हाफलाँगला डिमासा आणि हाफलाँगी हिंदी, आणि आता सगळीकडे सिल्हेटी वळणाची बांगला.

बदरपूर जंक्शनला दुसरा रकाना सुमारे १७५ किलोमीटरांवर आला. येथून एक मार्ग सिलचरकडे जातो आणि दुसरा करीमगंजकडे. मी करीमगंजला उतरलो. या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये श्रीभूमी करण्यात आले असले तरी दुकानांच्या पाट्यांवर आणि बोलण्यात दोन्ही नावे अजून सोबतीने वावरतात.

करीमगंजचा मुक्काम मी मुद्दाम ठरवला होता, कारण या छोट्या शहराने अंतराच्या गणितात फार मोठी भूमिका बजावली आहे. जुलै १९४७ मध्ये सिल्हेट जिल्ह्यात सार्वमत घेण्यात आले आणि जिल्हा पूर्व पाकिस्तानात जाणार असे ठरले. परंतु सीमारेषा आखली गेली तेव्हा करीमगंजचा बराचसा भाग भारतात राहिला. त्रिपुराला उर्वरित भारताशी जोडणारी सखल आणि सोपी वाट याच तुकड्यातून जाते. आजचा रेल्वेमार्ग आणि राष्ट्रीय महामार्ग ८ हे दोन्ही येथूनच पुढे त्रिपुरात शिरतात. हा भाग पलीकडे गेला असता तर आगरतळ्याला पोहोचण्यासाठी मिझोरामच्या डोंगरांतून वाट काढावी लागली असती आणि आजचे साडेपाचशे किलोमीटर कितीवर गेले असते याचा अंदाजही करवत नाही.

संध्याकाळी कुशियारा नदीच्या काठावर गेलो. बराक नदी वरच्या अंगाला सुरमा आणि कुशियारा अशा दोन प्रवाहांत विभागते आणि करीमगंजपाशी कुशियारा हीच सीमा होते. समोरच्या काठावर बांगलादेशातील झकीगंज आहे. पलीकडची माणसे, झाडे, घाटाच्या पायऱ्या स्पष्ट दिसत होत्या. भारतीय घड्याळात पावणेपाच वाजले होते आणि नदीच्या त्या काठावर सव्वापाच, कारण बांगलादेशाची वेळ आपल्या अर्धा तास पुढे आहे. सीमा सुरक्षा दलाच्या जवानाने नम्रपणे, पण ठामपणे, काठावर फार वेळ रेंगाळू नका असे सांगितले.

चौथा दिवस : करीमगंज ते आगरतळा

करीमगंज ते आगरतळा सरळ अंतर १६० किलोमीटरांच्या आत आहे. रेल्वेने ते दोनशेच्या थोडे पुढे जाते. म्हणजे येथून पुढे वळसा फारसा उरत नाही. उरते ती चढउतार आणि वळणे. चुराइबाडीपाशी त्रिपुराची हद्द लागते आणि मग धर्मनगर येते.

त्रिपुरात रेल्वे कशी पुढे सरकली ते पाहिले म्हणजे एका राज्याची राजधानी देशाच्या किती हळूहळू जवळ आली ते कळते. धर्मनगरला रेल्वे १९६४ मध्ये आली. कुमारघाट गाठायला १९९० उजाडले. आगरतळ्याला पहिली गाडी २००८ मध्ये पोहोचली, तीही मीटरगेजवर. रुंद रूळ २०१६ मध्ये आले आणि त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस आगरतळ्याहून दिल्लीकडे थेट गाडी सुटली. धर्मनगर आणि आगरतळा यांच्यातील सरळ अंतर जेमतेम ११० किलोमीटर आहे. एवढे अंतर कापायला रुळांना चव्वेचाळीस वर्षे लागली!

त्यामागचे कारण खिडकीबाहेर दिसत होते. त्रिपुरातील डोंगररांगा उत्तर-दक्षिण आहेत आणि एकीला समांतर दुसरी अशा ओळीने उभ्या आहेत. त्यांच्यामध्ये अरुंद, सुपीक खोरी आहेत. गाडीला मात्र ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जायचे असते. त्यामुळे लोंगतराई, आठारामुडा आणि बारामुडा या रांगा तिला एकामागून एक ओलांडाव्या लागतात. खोऱ्यात उतरावे, मनू किंवा धलाईसारखी नदी पार करावी, पुन्हा चढावे, बोगद्यातून पलीकडे निघावे, असा क्रम तेलियामुडापर्यंत चालतो. डोंगर उंच नाहीत, परंतु माती मऊ आहे आणि रबराच्या लागवडीसाठी जागोजागी उतार मोकळे केलेले आहेत. अंबासा स्थानकावर दुसऱ्या रकान्यात ६० च्या आतला आकडा लिहिला. समोर बसलेल्या शिक्षकांनी वहीत काय लिहितो आहे ते विचारले आणि सगळे ऐकल्यावर म्हणाले, की त्यांच्या लहानपणी अंबासाहून आगरतळ्याला बसने जायचे तर घरचे लोक दिवसभराचा डबा बांधून देत.

जिरानिया मागे पडल्यावर जमीन सपाट झाली आणि पावणेतीनच्या सुमारास आगरतळा आले. स्थानकाची इमारत राजवाड्याच्या धर्तीवर, पांढऱ्या घुमटांनी सजवलेली आहे. साडेपाचशेहून अधिक किलोमीटरांचा मार्ग पुरा झाला होता. सलग गाडीने आलो असतो तर तासाला सरासरी चाळीस किलोमीटर या वेगाने आलो असतो, आणि घाट पाहिल्यानंतर तो वेग मला मुळीच कमी वाटला नाही.

पाचवा दिवस : आगरतळा

सकाळी आखौडा नाक्याकडे गेलो. शहराच्या मध्यभागापासून सीमा दोन-तीन किलोमीटरांवर आहे. रिक्षात बसून भाड्याची बोलणी पूर्ण होईतो ती येते. फाटकापलीकडे रस्ता तसाच पुढे जाताना दिसतो. आगरतळा ते आखौडा हा नवा रेल्वेमार्ग सुमारे सव्वाबारा किलोमीटरांचा आहे, त्यातील साडेपाच किलोमीटरांच्या आसपास भारतात आहे आणि १ नोव्हेंबर २०२३ रोजी दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी त्याचे दूरस्थ पद्धतीने उद्घाटन केले. बांगलादेशातून कोलकात्याकडे नियमित गाड्या धावू लागल्या तर आगरतळा आणि कोलकाता यांच्यातील रेल्वेचे अंतर दीड हजारांवरून पाचशे-साडेपाचशे किलोमीटरांपर्यंत खाली येऊ शकेल. अंतर कमी करण्यासाठी दरवेळी डोंगरच पोखरावा लागतो असे नाही. कधी दोन शेजाऱ्यांचे एकमत पुरते, आणि ते बोगद्यापेक्षा कठीण ठरू शकते.

दुपारी विमानतळाचा इतिहास समजून घेतला. शहराच्या उत्तरेला सिंगारबिल येथील ही धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, त्रिपुराचे महाराजा बीर बिक्रम किशोर माणिक्य यांच्या पुढाकाराने तयार झाली. फाळणीनंतर आखौड्याची रेल्वे हातची गेली आणि आसामकडून येणारा रस्ता नीट तयार व्हायचा होता, तेव्हा माणसे आणि जीवनावश्यक वस्तू आणण्यासाठी याच धावपट्टीचा आधार होता. रेल्वेच्या आधी विमान पोहोचलेली आणि कितीतरी वर्षे मुख्यतः विमानावर अवलंबून राहिलेली राजधानी, हे आगरतळ्याचे वेगळेपण आहे. २०१८ मध्ये विमानतळाला महाराजांचे नाव देण्यात आले आणि जानेवारी २०२२ मध्ये नव्या प्रशस्त इमारतीचे उद्घाटन झाले.

सहावा दिवस : आगरतळा ते गुवाहाटी, विमानाने

विमानप्रवासाची वेळ सांगणारे तक्ते बहुधा एक सोपी रीत वापरतात. अंतराला विमानाच्या नेहमीच्या वेगाने भागायचे आणि उड्डाण व उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा. जेट विमानाचा वेग ताशी ८३० किलोमीटर धरला तर २५० किलोमीटरांना अठरा मिनिटे होतात. त्यात तीस मिळवली की अठ्ठेचाळीस. वेळापत्रकात मात्र ५५ मिनिटे ते एक तास दिलेला असतो. वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंतचे रेंगाळणे, आधीच्या विमानासाठी थांबणे आणि उतरल्यावर इमारतीपर्यंत येणे हे सगळे येते, आणि थोडा सांभाळून धरलेला अवधीही असतो.

एक वाजून पाच मिनिटांनी विमान जागेवरून हलले. चाकांनी जमीन सोडली तेव्हा एक वाजून सतरा मिनिटे झाली होती. मी आग्रहाने उजव्या बाजूची खिडकी मागून घेतली होती, कारण उत्तरेकडे जाताना पूर्व उजव्या हाताला येते आणि ज्या वाटेने मी रेल्वेने आलो ती सगळी त्याच अंगाला होती. काही क्षणांतच कुंपणाची रेघ खालून सरकली आणि आम्ही बांगलादेशावर आलो.

त्यानंतर जे दिसले त्याची तयारी नकाशाने करून दिलेली नव्हती. सिल्हेटच्या सखल भागात पावसाळ्याचे पाणी महिनोन्महिने साचून राहते. तेथे त्या विस्तीर्ण जलाशयांना हाओर म्हणतात. ऑक्टोबर संपत आला होता तरी पाणी पुरते ओसरले नव्हते. क्षितिजापर्यंत तपकिरी-निळे पाणी, त्यात उंचवट्यांवर उभी असलेली गावे, गावांना जोडणारी रस्त्याची एखादीच रेघ आणि असंख्य होड्या. मेघालयाच्या कड्यांवर पडलेला पाऊस या मैदानात येऊन थांबतो आणि मग सावकाश मेघनेकडे वाहत जातो. ज्याला आपण सरळ रेषा म्हणत होतो ती अर्धी पाण्यावरून जाते, हे वरून पाहिल्यावरच मला उमगले.

वेगाविषयीचा माझा कुतूहलाचा प्रश्नही येथेच सुटला. विमान वर चढत असताना त्याचा वेग कमी असतो. दहा हजार फुटांच्या खाली तर तो साधारण २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर, या मर्यादेत ठेवला जातो. उतरताना प्रत्येक हजार फुटांसाठी साधारण तीन सागरी मैल लागतात असे वैमानिक ढोबळमानाने धरतात. विमान २० हजार फुटांवर असेल तर खाली यायला ६० सागरी मैल, म्हणजे ११० किलोमीटर हवेत. चढायलाही बरेच अंतर जाते. मग अडीचशे किलोमीटरांच्या मार्गावर पूर्ण वेगाने सरळ उडण्यासाठी उरते किती? चढण संपते न संपते तोच इंजिनांचा आवाज उतरला आणि विमान खाली झुकू लागले. म्हणूनच तीनशे किलोमीटरांच्या आतील मार्गावर पंख्याची एटीआर विमाने जेटच्या तुलनेत वेळेत फार मागे पडत नाहीत. त्यांचा वेग ताशी ५०० किलोमीटरांच्या आसपास असला तरी जेटला आपला वेग दाखवण्याइतकी जागाच येथे मिळत नाही.

पाण्याचा प्रदेश संपला आणि समोर भिंतीसारखे मेघालय उभे राहिले. दक्षिणेची कडा उन्हात स्पष्ट दिसत होती. तिच्यावरून पांढऱ्या रेघांसारखे धबधबे उतरत होते. मॉसिनराम आणि सोहरा ही जगातील सर्वाधिक पावसाची ठिकाणे याच कडेवर, आमच्या उजव्या हाताला काही किलोमीटरांवर होती. पठारावर पाइनची वने आणि गवताळ माथे दिसले. पूर्वेला दूर निळ्या धुरकट रांगा होत्या, आणि त्यांतच कुठेतरी बराइल, बोगदे आणि न्यू हाफलाँगचे स्थानक होते. तेथे पोहोचायला मला एक सकाळ आणि तेथून पुढे आगरतळ्याला जायला दोन दिवस लागले होते.

या मार्गाला आणखी एक सोय आहे. दोन्ही विमानतळांच्या धावपट्ट्या साधारण उत्तर-दक्षिण आहेत आणि मार्गही तसाच. वारा अनुकूल असला तर विमान धावपट्टीवरून उठून सरळ उत्तरेला निघते आणि फारसे न वळता गुवाहाटीच्या धावपट्टीला लागते. वारा उलटा असला तर दोन्ही टोकांना फेरी मारावी लागते आणि पाच-दहा मिनिटे वाढतात. चैत्र-वैशाखात संध्याकाळची वादळे उठतात तेव्हा ढगांना टाळण्यासाठी अधिक वळावे लागते, आणि हिवाळ्यात सकाळच्या धुक्याने उड्डाणच लांबते. आमच्या दिवशी आकाश निरभ्र होते. डाव्या बाजूने ब्रह्मपुत्रेची झळाळी आत आली, उजवीकडे दीपोर बील हा तलाव दिसला आणि एक वाजून पंचावन्न मिनिटांनी चाके गुवाहाटीच्या बोरझार विमानतळाच्या धावपट्टीला टेकली. हवेत अडतीस मिनिटे. सरासरी वेग ताशी चारशे किलोमीटरांच्या आतच भरला, जेटच्या नेहमीच्या वेगाच्या निम्म्याहून कमी. इमारतीपाशी विमान थांबले तेव्हा दोन वाजून दोन मिनिटे झाली होती.

हॉटेलातून निघताना मात्र सकाळचे साडेदहा वाजले होते आणि गुवाहाटी शहरातील मुक्कामी मी सव्वातीनला पोहोचलो. बोरझार विमानतळ शहराच्या मध्यापासून वीसेक किलोमीटरांवर आहे आणि वाटेतील गर्दी आपला वाटा घेतेच. म्हणजे दारापासून दारापर्यंत पावणेपाच तास. रेल्वेच्या चौदा तासांशी या आकड्याची तुलना केली तर विमान तिप्पट वेगवान ठरते, चौदापट नव्हे. सामान कमी असेल, रात्री झोप लागत असेल आणि घाट दिवसा पाहण्याचा आग्रह नसेल, तर रात्रीची गाडी हा मुळीच वाईट पर्याय नाही, असे माझे मत झाले आहे. ज्याला त्याच दिवशी काम उरकून परतायचे आहे त्याला विमानावाचून गत्यंतर नाही.

सामानाच्या पट्ट्यापाशी धर्मनगरचे एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी माझ्याशेजारी उभ्या होत्या. गुवाहाटीच्या रुग्णालयात आजींना दाखवायला आणले होते. धर्मनगर त्रिपुराच्या उत्तर टोकाला आहे. जवळच्या कैलाशहरची जुनी धावपट्टी कित्येक वर्षे वापरात नाही आणि सिलचरचा विमानतळ गाठायचा तर वाटेत गाडी बदलावी लागते. आजींना रात्रभर बसवत नाही, म्हणून ते दोघे आदल्या दिवशी रेल्वेने दक्षिणेला आगरतळ्याला गेले, तेथे भाच्याकडे मुक्काम केला आणि आज विमानाने उत्तरेला गुवाहाटीला आले. उलटे जाऊन सुलटे येण्याचा हा हिशेब त्यांनी अगदी सहजपणे सांगितला. वहीतला दुसरा रकाना मी त्यांना दाखवला, तेव्हा त्यांनी चष्मा वर करून लुमडिंगच्या आकड्यावर बोट ठेवले आणि हे असेच आहे, असे म्हणून ते आजींसाठी चाकांची खुर्ची आली का ते पाहायला गेले.